माहिती नाकारली गेल्यास अपील व तक्रार कशी करावी

पेरणीनंतर पावसाने ओढ दिली आणि बी उगवले नाही, तर जाणता शेतकरी बांधावर स्वस्थ बसून राहत नाही. बी कुजले, मुंग्यांनी नेले की ओल कमी पडली, हे तो माती उकरून पाहतो आणि वाफसा येताच दुबार पेरणी करतो. शासकीय कचेरीत माहितीसाठी दिलेल्या अर्जाची गतही पुष्कळदा अशीच होते. अर्ज दिला जातो, महिना लोटतो, उत्तर येत नाही. अथवा ‘माहिती देता येत नाही’ अशा एका ओळीचे पत्र हाती पडते. बहुतेक अर्जदार येथेच थांबतात. वस्तुतः कायद्याने दिलेल्या मार्गाचा हा पहिलाच टप्पा असतो. पुढील दोन टप्पे अपिलाचे असून त्यांशिवाय तक्रारीचा एक स्वतंत्र मार्ग आहे. हे मार्ग कोणते, ते कोणत्या मुदतीत अनुसरावयाचे आणि त्यांत कोणत्या चुका टाळावयाच्या, याची माहिती शेतकरी बंधुभगिनींना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे.

हा हक्क कोठून आला

माहितीच्या हक्काचा प्रश्न आपल्या देशात प्रथम जोराने पुढे आला तो राजस्थानातील खेड्यांतून. तेथील मजदूर किसान शक्ति संघटन या संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या भरविल्या. सरकारी कामांवरील हजेरीपट व खर्चाची बिले गावकऱ्यांसमोर वाचून दाखविली असता, जे कधी कामावर आलेच नव्हते त्यांची नावे पटावर असल्याचे उघडकीस आले. १९९६ साली ब्यावर येथे सुमारे चाळीस दिवस धरणे धरण्यात आले. गोव्यात १९९७ साली आणि महाराष्ट्रात २००२ साली राज्यापुरते कायदे झाले. त्यानंतर संसदेने केलेला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला.

या अधिनियमाचे मर्म थोडक्यात असे की, शासकीय कार्यालयातील कागद हा जनतेचा आहे. तो दाखविणे हा नियम व नाकारणे हा अपवाद होय. नकार योग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार अपिलाच्या कामात जन माहिती अधिकाऱ्यावर असतो, अर्जदारावर नसतो. अपील करणाऱ्याने ही गोष्ट सर्वप्रथम ध्यानात ठेवावी.

अर्ज नीट असेल तरच अपील बळकट

अपिलाचा पाया मूळ अर्जात असतो. अर्ज मोघम असेल तर अपीलही लंगडे पडते. समजा, सप्टेंबरातील अतिवृष्टीने एका शेतकऱ्याचे सोयाबीन वाहून गेले. पंचनामा झाला, परंतु मदतीच्या यादीत त्याचे नाव आले नाही. त्याने ‘माझे नाव का वगळले?’ असा प्रश्न विचारण्याऐवजी, ‘अमुक गावातील अमुक गट क्रमांकाच्या नुकसानीच्या पंचनाम्याची प्रमाणित प्रत, त्यावरून तयार केलेल्या यादीतील त्या गटासंबंधीच्या नोंदीची प्रत आणि नाव वगळण्याबाबत काही टिपणी असल्यास तिची प्रत मिळावी’ असे लिहावे. कार्यालयाच्या दप्तरात जे अस्तित्वात आहे तेवढेच द्यावयाचे असते. नवी माहिती तयार करून देणे किंवा मत व्यक्त करणे हे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एका निर्णयात स्पष्ट केले आहे. म्हणून कारण विचारू नये, कागद मागावा. कारण बहुधा कागदातच लिहिलेले सापडते.

महाराष्ट्राच्या २००५ च्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करावयाचा असून त्याचे शुल्क १० रुपये आहे. ते रोखीने किंवा कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने तसा पुरावा जोडल्यास शुल्क पडत नाही. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा व मजकूर साधारणतः १५० शब्दांपेक्षा अधिक नसावा. ज्यास लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदारास विचारता येत नाही.

अर्ज हातोहात दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. टपालाने पाठविल्यास स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवावी. पुढील सर्व मुदती या एका तारखेवरून मोजल्या जातात; ती तारीख सिद्ध करता आली नाही तर अपिलाचा कणाच मोडतो.

नकार कसा ओळखावा

नकार चार प्रकारांनी येतो. पहिला, स्पष्ट लेखी नकार. अशा पत्रात नकाराचे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील या तिन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. दुसरा, मौन. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत निर्णय कळविला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तो नकारच समजला जातो. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असल्यास यात ५ दिवस वाढतात, आणि त्रयस्थ व्यक्तीने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीबाबत तिचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे असल्यास मुदत ४० दिवसांची होते. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती मात्र ४८ तासांत द्यावी लागते.

तिसरा प्रकार अपुऱ्या किंवा दिशाभूल करणाऱ्या माहितीचा होय. चार कागद मागितले असता एकच देणे, हाही त्या प्रमाणात नकारच आहे. चौथा प्रकार म्हणजे अवाजवी शुल्काची मागणी. प्रतींचे शुल्क कळविणाऱ्या पत्रात हिशेब दिलेला असला पाहिजे. असे पत्र रवाना झाल्यापासून शुल्क भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांच्या मुदतीत धरले जात नाहीत, म्हणून रक्कम योग्य असल्यास ती तत्काळ भरावी. मात्र मुदत उलटून गेल्यावर दिली जाणारी माहिती विनामूल्य द्यावी लागते, हेही विसरू नये.

अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेला, एवढ्यावरून तो परत करता येत नाही. तो ५ दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे वर्ग करून अर्जदारास तसे कळवावे लागते.

नकाराची नेहमीची कारणे

‘कागद सापडत नाही’ हे कारण वारंवार दिले जाते. अधिनियमाच्या आठव्या कलमात माहिती नाकारण्याची कारणे मोजून दिली आहेत. त्यांत ‘गहाळ’ असे कारण नाही. जो कागद कार्यालयात कधी तरी होता, त्याचा कसून शोध घेऊन तो न मिळाल्यास जबाबदारी निश्चित केली पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले आहे. अपिलात अशा वेळी ‘शोधाचा लेखी अहवाल मिळावा व अभिलेख जतन करणाऱ्याची जबाबदारी निश्चित करावी’ अशी मागणी करावी.

‘माहिती विस्तृत आहे’ हे दुसरे कारण. माहिती मागितलेल्या स्वरूपात देण्याने कार्यालयाची साधनसामग्री बेसुमार खर्ची पडत असेल, तर ती अन्य स्वरूपात, म्हणजे समक्ष पाहण्यास, देता येते. त्यावरून माहितीच नाकारता येत नाही.

‘वैयक्तिक माहिती’ हे तिसरे कारण असून ते अधिक गंभीर आहे. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगी जीवनात विनाकारण ढवळाढवळ करणारी माहितीच या सदराखाली नाकारता येत असे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने हा खंड बदलला असून तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला. त्यामुळे वैयक्तिक स्वरूपाच्या माहितीबाबत नकाराचा वाव वाढला आहे. तथापि, प्रकटनातील लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, ही तरतूद कायम आहे. तसेच अनुदानाच्या योजनांतील लाभार्थींचा तपशील कार्यालयांनी आपण होऊन प्रसिद्ध करावा, असे चौथे कलम सांगते. म्हणून अर्जदाराने इतरांचे बँक खाते क्रमांक वा आधार क्रमांक मागूच नयेत. स्वतःच्या गटाची नोंद व योजनेचा एकूण तपशील मागावा. एखाद्या कागदाचा थोडा भाग गोपनीय असल्यास तेवढा भाग झाकून उरलेला देणे दहाव्या कलमानुसार शक्य आहे. तशी मागणी अपिलात स्पष्टपणे लिहावी.

पहिले अपील

पहिले अपील त्याच कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्याकडे करावयाचे असते. त्याचे पदनाम नकाराच्या पत्रात किंवा कार्यालयातील फलकावर असावयास पाहिजे. नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास ३० दिवसांची मुदत संपल्यापासून, ३० दिवसांच्या आत अपील दाखल करावे. आजारपण, पूर यांसारखे सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. राज्याच्या नियमांनुसार हे अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये करावयाचे असून त्याचे शुल्क २० रुपये आहे.

अपिलाचा मजकूर लांबलचक नसावा. त्यात राग व आरोप यांना स्थान देऊ नये. अर्जाची तारीख, मागितलेली माहिती, मिळालेले उत्तर किंवा उत्तराचा अभाव, अपिलाची कारणे आणि मागणी एवढे पुरे. कारणे पुढीलप्रमाणे लिहिता येतील:

‘अपीलकर्त्याचा दिनांक अमुकचा अर्ज कार्यालयास त्याच दिवशी मिळाला असून पोच सोबत जोडली आहे. ३० दिवसांची मुदत संपूनही निर्णय कळविण्यात आलेला नाही; सबब कलम ७(२) अन्वये माहिती नाकारली असे समजून हे अपील केले आहे. मागितलेली माहिती विनामूल्य देण्याचा आदेश व्हावा.’

सोबत मूळ अर्ज, पोच व मिळालेले उत्तर यांच्या प्रती जोडाव्यात. सुनावणीची सूचना आल्यास शक्यतो हजर राहावे. मिळालेला व न मिळालेला कागद यांची एक छोटी यादी करून न्यावी व ती अधिकाऱ्याच्या हाती द्यावी. तोंडी आश्वासनावर अपील मागे घेऊ नये. लेखी आदेश मागावा. अपिलाचा निकाल ३० दिवसांत लागावयास हवा. लेखी कारणे देऊन ही मुदत एकूण ४५ दिवसांपर्यंत वाढविता येते.

दुसरे अपील

पहिल्या अपिलाचा निकाल प्रतिकूल लागला, किंवा मुदतीत लागलाच नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाचे मुख्यालय मुंबईस असून पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती इत्यादी ठिकाणी त्याची खंडपीठे आहेत. आपला जिल्हा ज्या खंडपीठाच्या कक्षेत येतो तेथे जोडपत्र ‘क’ मध्ये, २० रुपये शुल्कासह, अपील पाठवावे.

आयोगाचे निर्णय बंधनकारक असतात. माहिती देण्याचा आदेश, अभिलेख नीट ठेवण्याबाबत निर्देश, आणि अर्जदारास झालेल्या हानीबद्दल नुकसानभरपाई या गोष्टी आयोग फर्मावू शकतो. वाजवी कारणाशिवाय विलंब करणाऱ्या, दुष्ट हेतूने नकार देणाऱ्या किंवा जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. शंभर दिवसांच्या विलंबात ही कमाल मर्यादा गाठली जाते. मात्र शास्तीपूर्वी अधिकाऱ्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. शास्तीची रक्कम अर्जदारास मिळत नाही. त्यास हवी असल्यास नुकसानभरपाई स्वतंत्रपणे मागावी आणि झालेल्या हानीचा पुरावा जोडावा.

आयोगापुढे प्रलंबित प्रकरणांची संख्या मोठी असल्याने सुनावणीस कित्येक महिने, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून सर्व भर पहिल्या अपिलावर द्यावा. ते जेवढे नेमके, तेवढा दुसऱ्याचा प्रसंग कमी.

तक्रार केव्हा करावी

अपील व तक्रार यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. कलम १८ अन्वये थेट आयोगाकडे तक्रार करता येते. कार्यालयात जन माहिती अधिकारीच नेमलेला नसणे, अर्ज घेण्यास नकार देणे, मुदतीत उत्तर न देणे, अवाजवी शुल्क मागणे, अपुरी वा खोटी माहिती देणे ही तक्रारीची कारणे होत. चौकशीत दिवाणी न्यायालयाप्रमाणे साक्षीदारांस बोलावण्याचे व कागद मागविण्याचे अधिकार आयोगास आहेत.

परंतु मणिपूर राज्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०११ रोजी असा निर्णय दिला की, कलम १८ खालील तक्रारीत आयोग दोषी अधिकाऱ्यास शास्ती करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. माहिती हवी असेल तर कलम १९ खालील अपिलाचाच मार्ग आहे. याचा अर्थ सरळ आहे. ज्यास पंचनाम्याची प्रत हवी आहे त्याने अपील करावे. ज्याचा अर्जच कोणी घेत नाही, त्याने तक्रार करावी. केवळ तक्रार करून वाट पाहत राहिल्यास अपिलाची मुदत निघून जाते आणि कागद हाती येत नाही.

दिवसांचा हिशेब

उदाहरणार्थ, १ जूनला कार्यालयास अर्ज मिळाला. १ जुलैपर्यंत उत्तर आले नाही, म्हणजे नकार झाला. पहिले अपील ३१ जुलैपर्यंत करता येईल; पण समजा ते १० जुलैलाच दाखल केले. त्याचा निकाल ९ ऑगस्टपर्यंत, आणि मुदत वाढविल्यास २४ ऑगस्टपर्यंत, लागला पाहिजे. निकाल न लागल्यास दुसऱ्या अपिलाचे ९० दिवस सावधगिरीने ९ ऑगस्टपासून मोजावेत, म्हणजे ते ७ नोव्हेंबरपूर्वी दाखल होईल. या तारखा घरातील दिनदर्शिकेवर प्रथमच खुणा करून ठेवाव्यात. पीककर्जाच्या हप्त्याची तारीख जशी चुकवू नये तशीच हीही चुकवू नये.

सहकारी संस्था व बँका

गावातील विविध कार्यकारी सोसायटीकडे मागितलेली माहिती ‘आम्हास कायदा लागू नाही’ म्हणून नाकारली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ रोजी केरळमधील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरविले की, सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून ती सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. शासनाचे भरीव अर्थसाहाय्य किंवा खोल नियंत्रण असल्यासच ठरते. तथापि, निबंधकास सहकार कायद्यान्वये संस्थेकडून जी माहिती मागविता येते, ती निबंधकाकडे अर्ज करून मिळविता येते. म्हणून अशा वेळी सोसायटीशी वाद न घालता तालुक्याच्या सहायक अथवा उपनिबंधकाकडे नवा अर्ज करावा आणि तेथे नकार मिळाल्यास वरीलप्रमाणे अपील करावे.

राष्ट्रीयीकृत बँका व केंद्र सरकारची कार्यालये यांना केंद्राचे नियम लागू होतात. अर्जाचे शुल्क १० रुपयेच आहे, पण ते पोस्टल ऑर्डरने भरणे सोयीचे. राज्याचा कोर्ट फी स्टॅम्प तेथे चालत नाही. पहिल्या अपिलास शुल्क नाही. दुसरे अपील नवी दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हा ग्रामपंचायतीत बहुधा स्वतःच जन माहिती अधिकारी असतो. अर्ज आल्यावर तो कोणी दिला व का दिला याचा शोध घेण्यात वेळ घालविण्यापेक्षा नोंदवहीत त्याची तारीख लिहून विसाव्या दिवसापर्यंत उत्तर तयार ठेवावे. कागद द्यावयाचा नसेल तर कलम व कारण लिहावे आणि अपिलीय अधिकाऱ्याचे नाव द्यावे. असे केल्याने शास्तीचा प्रसंग टळतो आणि गावकऱ्यांशी असलेले संबंधही बिघडत नाहीत. कामांची अंदाजपत्रके, हजेरीपट व लाभार्थींच्या याद्या ग्रामसभेत वाचून दाखविल्या व फलकावर लावल्या, तर बरेच अर्ज येण्याचे कारणच उरणार नाही. पंचनामा करणाऱ्या महसूल, ग्रामविकास व कृषी या तिन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी शेतकऱ्यास तेथल्या तेथे नोंद दाखविली, तर महिनोन्महिने चालणारा पत्रव्यवहार वाचेल.

शेतकऱ्यानेही अपील म्हणजे भांडण असे समजू नये. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध अपील करावयाचे, त्याच्याशी उद्या पुन्हा बांधावर गाठ पडणार आहे. भाषा सौम्य, मागणी नेमकी आणि तारीख पक्की असली म्हणजे पुरे. यादीत नाव का आले नाही हे एकदा कागदावरून कळले, की नोंद चुकली असल्यास दुरुस्तीचा अर्ज करता येतो. नोंद बरोबर असल्यास मनातील संशय दूर होतो. हंगामाचे नुकसान कोणत्याही अपिलाने भरून निघत नाही. परंतु हक्काची मदत कोणत्या टेबलावर अडली, हे शोधण्याचे साधन कायद्याने प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती दिले आहे, आणि मुदत न चुकविता वापरले तरच ते उपयोगी पडते.